पहिल्या काचेवरची दोन बोटं

मी रोज सकाळी पावणेसातला चाकणला आमच्या कंपनीच्या गेटच्या आत उभी राहते आणि कामावर येणाऱ्या मुलींचे हात तपासते. दोन्ही हात पुढे, आधी तळवे वर, मग पालथे. नख वाढलेलं नको, मेंदी नको, कापलेलं-भाजलेलं नको, आणि बोटं दहाच्या दहा हवीत. मुली हसतात. एखादी म्हणते, "मॅडम, कालच्यापेक्षा एखादं वाढलं का बघा." मीही हसते. ही तपासणी माझ्यामुळे सुरू झाली, हे आताच्या मुलींपैकी कुणालाच ठाऊक नाही. जुन्या दोघीतिघी होत्या त्या लग्न करून गेल्या.

आमच्याकडे दुचाकीच्या मीटरमधले डिस्प्ले बनतात. वेगाचे आकडे, किलोमीटर, पेट्रोलच्या दांड्या, ते सगळं. वरून बघणाऱ्याला ती एक काळपट काच वाटते, पण त्या असतात दोन, आणि दोघींच्या मधल्या केसाहून बारीक फटीत लिक्विड क्रिस्टल भरलेलं असतं. त्याच्या कणांनी कोणत्या दिशेला निजायचं हे काच ठरवते. त्यासाठी काचेवर आधी पॉलिमरचा पातळ थर देतात, तो भट्टीत भाजतात, आणि मग मखमलीचं कापड गुंडाळलेला रोलर त्याच्यावरून फिरवतात. एकदाच आणि एकाच दिशेने. याला आम्ही रबिंग म्हणतो. मी नवी होते तेव्हा हे समजावायला एका साहेबांनी तासभर बोर्डावर बाण काढले होते, आणि मला ओ की ठो कळलं नव्हतं. रबिंग मशीनवरच्या ताईने डबा खाताना एका दमात सांगितलं.

"पोरीचे केस इंचरत्यात न्हाई का? तसं हाय ते. एका अंगानं कंगवा फिरवायचा, मग बोट लावायचं न्हाई. लावलं की भांग इस्कटला."

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. रबिंग झालेल्या थराला बोट टेकलं, मग त्या बोटावर हातमोजा असला तरीसुद्धा, तेवढ्या जागेचा भांग मोडतो. काच बघायला अगदी स्वच्छ दिसते. दोन-तीन दिवसांनी जोडणी होते, क्रिस्टल भरलं जातं, मोठ्या काचेचे लहान लहान डिस्प्ले कापले जातात, आणि तपासणीच्या टेबलावर हलकी वीज दिली की त्या जागी डाग उमटतो. तो पुसून जात नाही. त्या टेबलावर तेव्हा मी बसायचे.

ताई मराठवाड्यातली, परळीच्या बाजूची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. नवरा तिकडेच राहिला होता, का ते तिने कधी सांगितलं नाही. मुलगी मात्र तिच्याजवळ होती, तेव्हा आठवीत. मी दापोडीची. रेल्वे फाटकाजवळच्या गल्लीत जन्मले-वाढले, वडील पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं राबलेले, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांचं एक कपाट. डिप्लोमा झाल्यामुळे मी स्वतःला जरा शहाणीच समजायचे. ताई मला 'दापोडीवाली' म्हणायची, आणि मी तिच्या शेंगदाण्याच्या चटणीवर डल्ला मारायचे. आम्ही दोघी कॉन्ट्रॅक्टरच्या. एका बसने येणाऱ्या, एका बाकावर डबा खाणाऱ्या.

क्लीनरूमच्या आत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, हातात मोजे. आतमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात. ताई मोजे आधी चढवायची आणि सगळ्यात शेवटी उतरवायची. डबा खातानाही उजवा हात पदराखाली, जेवण डाव्या हाताने. मी एकदा चेष्टा केली, "काय ताई, सोन्याच्या अंगठ्या लपवता काय?" त्या दिवशी बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली, आजूबाजूला बघितलं आणि पदर बाजूला केला. उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून नव्हती.

याआधी ती पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर होती. प्रेसवाल्या बायकांची एक रीत असते, मशीन चालू केलं की पहिला नग कपाळाला लावायचा आणि मग कामाला भिडायचं. एके दिवशी बस चुकली, उशीर झाला, सुपरवायझर डाफरत होता. तिने पहिला नग कपाळाला न लावताच बाजूला टाकला. त्याच दिवशी दुपारी बोटं गेली.

"हितल्या कॉन्ट्रॅक्टरनं आधार कार्ड बघितलं, हात कुटं बघितला?" ती म्हणाली. "मोज्यात कापूस भरते. मखमल चावत न्हाई बग, म्हणून हितं आले. कुनाला बोलू नगंस."

मी शपथ वगैरे घेतली नाही, पण तिच्या हातावर हात ठेवला होता. तिला तेवढं पुरलं.

मग नव्या मॉडेलचं काम आलं, आणि डाग सुरू झाले. पहिल्या पाळीचे, तेही सुरुवातीच्या एकाच काचेचे. त्या काचेतून निघालेल्या डिस्प्लेंपैकी दोन हमखास बाद व्हायचे. एकाच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा डाग, दुसऱ्याच्या कडेला त्याहून लहान. इंजिनीयर लोकांनी ठरवून टाकलं की काच धरणाऱ्या ट्रेच्या चिमट्यांचा दोष आहे. चिमटे बदलले. मग रोलरचं कापड बदललं, मग भट्टीचं तापमान. गिऱ्हाईक कंपनीचा माणूस येऊन बसायला लागला, आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या मीटिंगा वाढल्या, चहा वाढला, डाग तिथेच.

त्याच सुमारास तपासणीची एक कायम जागा निघणार अशी कुजबुज होती. ती मला हवी होती. घरात वडिलांची पेन्शन तुटपुंजी, भाऊ शिकत होता, पण ते काही खरं कारण नव्हे. मला ती जागा हवी होती कारण त्या डिग्रीवाल्या इंजिनीयर पोरांनी मला मीटिंगमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं, आणि मला त्यांची जिरवायची होती.

एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी बाद डिस्प्लेंचा खोका उघडला. प्रत्येकावर नंबर असतो, त्यावरून तो मोठ्या काचेत कुठे होता ते कळतं. मी एका काचेचे सगळे तुकडे टेबलावर नंबराप्रमाणे पुन्हा लावले, चांगले होते ते चांगल्यांतून शोधून आणले, आणि फुटलेली परात जुळवावी तशी ती काच परत उभी केली. मग दोन्ही बाद तुकड्यांना वीज दिली. आजवर ते दोन डाग कुणी शेजारी-शेजारी बघितलेच नव्हते. एक मोठा, मग रिकामी जागा, मग एक लहान. मी सहज हात त्याच्यावर धरला. अंगठ्याशेजारचं बोट मोठ्या डागावर आलं, करंगळी लहान डागावर. मधली दोन बोटं मला दुमडावी लागली.

मी हात झटकन मागे घेतला, हे खरं. पण त्याच्या आधी, अर्धा क्षण आधी, मला आनंद झाला होता, हेही खरं आहे. आज इतक्या वर्षांनी मला त्या अर्ध्या क्षणाचीच लाज जास्त वाटते.

सगळं मला तिथेच उलगडलं. पहिला नग. काच उचलून कपाळाला लावता येत नाही, म्हणून ताई मशीनमधून निघालेल्या पहिल्या काचेच्या कडेला अलगद बोटं टेकवत असणार आणि तो हात कपाळाला नेत असणार. कापसाची दोन बोटं वाकत नाहीत, ती वरच राहत असणार. ती काही अडाणी नव्हती. जुन्या मॉडेलमध्ये काचेच्या कडेची पट्टी कापून फेकली जायची, हे तिला माहीत होतं, आणि ती त्या पट्टीलाच हात लावायची. नव्या मॉडेलमध्ये काच वाया जाऊ नये म्हणून डिस्प्ले अगदी कडेपर्यंत बसवले होते. हे रबिंगवाल्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असल्या गोष्टी मीटिंगमध्ये सांगतात, आणि रबिंगवाल्या मीटिंगला नसतात.

मग सुट्टी झाली. आम्ही बाकावर बसलो. ताईने चटणीची डबी नेहमीप्रमाणे माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "आज गप बसून खायलीस. कामून?" मी म्हणाले, "काही नाही, डोकं दुखतंय." तिने पिशवीतून बाम काढून दिला. मी तो लावला. एवढंच सांगायचं होतं की ताई, आता कडेची पट्टी कापत नाहीत, काचेला हात लावू नका. एका वाक्यात डाग बंद झाले असते. पण मग ते शोधलं कुणी, हे कुणाला कळलं नसतं. मी चटणी खाल्ली आणि मूग गिळून बसले. रविवार अख्खा गेला. फोन हातात होता.

सोमवारी मीटिंगमध्ये मी फोटो लावला. काच जुळवलेली, दोन डाग, त्यावर धरलेला माझा हात. इंजिनीयर पोरं खुर्च्या पुढे ओढून बघायला लागली. साहेब खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. "म्हणजे चिमटे नाहीत, हात आहे," ते म्हणाले. मी मनाशी ठरवून आले होते की इथेच थांबायचं. हात आहे, सगळ्यांना सूचना द्या, झालं. साहेबांनी पुढे काही विचारलंही नव्हतं.

"ज्याला मधली दोन बोटं नाहीत, त्याचा," मी म्हणाले.

गणित पूर्ण सोडवल्याशिवाय मला शाळेतही चैन पडायचं नाही. बाई शाबासकी द्यायच्या.

अर्ध्या तासाने रबिंगच्या सगळ्या बायकांना बाहेर बोलावून मोजे काढायला लावले. मी काचेच्या खिडकीतून बघत होते. ताईने आधी डावा मोजा काढला आणि त्याची नीट घडी घातली. मग उजवा. दोन बोटांतला कापूस मोज्यातच राहिला, त्यामुळे काढल्यावरही ती बोटं मोज्यात ताठ उभी होती. तिने इकडेतिकडे कुठेच बघितलं नाही, सरळ खिडकीकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं पडलं असतं. ती नुसती विचारत होती, तू का?

काचेला हात लावला म्हणून तिला काढलं नाही. त्याबद्दल समज देऊन सोडता आलं असतं, असं साहेब स्वतःच म्हणाले. पण दोन बोटं नसलेली बाई मशीनवर कशी, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न निघाला आणि कॉन्ट्रॅक्टरने हात वर केले. त्याच दिवशी दुपारच्या बसने ती गेली. तिच्या पिशवीतून बामची बाटली डोकावत होती, एवढं बघून मी तपासणीच्या टेबलावर मान खाली घातली.

मला प्रशस्तिपत्र मिळालं, टाळ्या मिळाल्या, आणि दोन महिन्यांत कायम जागाही मिळाली. माझ्या रिपोर्टच्या शेवटी 'पुन्हा असे घडू नये म्हणून उपाय' असा एक रकाना होता. त्यात मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की पाळी सुरू होण्याआधी सर्वांचे हात व बोटे तपासावीत. प्रशस्तिपत्र घरी नेलं तर वडिलांनी चष्मा लावून ते नीट वाचलं. मग सगळी हकीकत विचारली. मी सांगितली, शक्य तितकी गुळगुळीत करून.

"आणि त्या बाईचं काय झालं?" ते म्हणाले.

"गेली. काढलं तिला."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. आमच्या घरात असले कागद फ्रेम करून भिंतीवर लावतात, माझा दहावीचा आहे, भावाचा चित्रकलेचा आहे. हा त्यांनी लावला नाही, आणि मीही लावा म्हणाले नाही.

मी तिच्या खोलीवर गेले होते, नाही असं नाही. पण तीन आठवड्यांनी. मेदनकरवाडीतली ती खोली तोवर दुसऱ्या कुणीतरी घेतली होती, दारात दुसरीच पोरं खेळत होती. फोन बंद लागायचा. त्यानंतर मी शोधलं नाही. शोधायचं ठरवलं असतं तर सापडली असती. एवढा काही हा पट्टा मोठा नाही.

गेल्या वर्षी वडिलांचा खोकला जाईना म्हणून त्यांना पिंपरीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेले होते. त्यांचा एक्स-रे होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर जागा बघत होते, तर ड्रेसिंगच्या खोलीबाहेर ती बसलेली. केस पांढरे झालेले, बाकी तीच. शेजारी एक उंच मुलगी, तिचीच असणार, औषधांची पिशवी धरून. मी पुढे व्हायच्या आत तिनेच हाक मारली, "दापोडीवाली!"

मी जवळ गेले. खरं सांगते, मी तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या आधी हातांकडे बघितलं. रोज शंभरेक जणींचे हात बघणारी बाई मी, सवय सुटत नाही. उजव्या हाताची तीन. डाव्या हाताला मनगटापर्यंत जाड बँडेज, आणि त्यातून अंगठा तेवढा बाहेर. मोजणी चारवर थांबली.

"कुठे?" मी विचारलं.

"तळवड्याला, एका शेडात. प्रेसच." ती अगदी सहज म्हणाली. "दुसरं कोन घेनार मला? प्रेसवाले बोटं बघत न्हाईत. त्यांना सवय असती." मग जणू यातलं खरं नवल हेच असल्यासारखी म्हणाली, "अन् बग, त्या दिवशी पैला नग कपाळाला लावला व्हता. चांगला दोनदा लावला व्हता. तरी गेली."

मुलगी दुसरीकडे बघत होती. मी ताईच्या पायाशी, जमिनीवरच बसले. लोक बघत होते, बघू देत. मी म्हणाले, "ताई, ते मीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. माझ्यामुळे झालं हे सगळं."

तिने तो तीन बोटांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं, आता ती म्हणणार, जाऊ दे. मी त्याचीच वाट बघत होते, हे लिहिताना मला माझा राग येतो. तिने तसं काही म्हटलं नाही.

"डब्याच्या टायमाला सांगायचं व्हतंस गं," ती म्हणाली. "नसता लावला मी काचंला हात."

एवढ्यात आतून तिला हाक आली. मुलीने तिला दंडाला धरून उठवलं. जाताना ती मागे वळून म्हणाली, "जेवलीस का? नसलीस तर जेवून घे, हितं लई वेळ लावत्यात." दार लागलं. मी मुलीला नंबर मागितला. तिने दिला नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हीच ना त्या?" आणि आत गेली.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. तेव्हाचे साहेब आता नाहीत, हे नवे आहेत, वयाने माझ्याहून लहान. मी म्हणाले, नखं बघू, जखमा बघू, पण बोटं मोजायची अट काढून टाका, रबिंगच्या कामाला दहा बोटं लागत नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं, कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझंच अक्षर, स्कॅन केलेलं. "मॅडम, ही तर तुमचीच शिफारस आहे," ते म्हणाले. "ऑडिटला दरवेळी दाखवतो आम्ही. आता कशी काढणार?"

ते बाद झालेले दोन डिस्प्ले माझ्याकडे आहेत. भंगारात जायच्या आधी मी उचलले होते, कपाटात साड्यांखाली ठेवलेत. कधीतरी बॅटरी लावून बघते. एक मोठा डाग, एक लहान, मध्ये जागा. काच जशीच्या तशी आहे.

सकाळी पावणेसातला मुली ओळीने आत येतात आणि हात पुढे करतात. मी मनातल्या मनात मोजते. आठपर्यंत आले की अडखळते. मुलगी हात तसेच धरून उभी राहते, मागची ओळ खोळंबते, कुणीतरी म्हणतं, "मॅडम, चला ना, उशीर होतोय." मग मी उरलेली दोन मोजते आणि तिला आत सोडते.